सत्तेचाळिसावी ओळ

व्हिक्टोरियाच्या उत्तरेला, मॅरोवाँगच्या जलमंडळात
मी धोक्यांची वही सांभाळते.
वही म्हणजे तक्ता : एकशे बारा ओळी, नऊ रकाने,
लाल, पिवळा, हिरवा.
शेवटचा रकाना : मालक.

सत्तेचाळिसावी ओळ माझ्याआधीपासूनची.
'टॅलोबिन ओढ्याची मोरी, रेल्वेच्या भरावाखाली.
ओंडके अडकल्यास पाणी मागे फिरेल.'
शक्यता कमी. परिणाम मोठा. रंग पिवळा.
मालकाच्या जागी एक आडवी रेघ.

ती रेघ मी तीन वर्षं
दर तिमाहीला नव्या तारखेखाली चिकटवत आले.

ओढा आमचा, मोरी रेल्वेची.
मोरीतला गाळ नगरपालिकेचा, असं रेल्वे म्हणते.
नगरपालिका म्हणते, गाळ वरून येतो
आणि वरचं रान वनखात्याचं.
वनखात्याचं उत्तर आलं, फार सभ्य :
आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

म्हणजे माझ्या तक्त्यातला धोका
आता त्यांच्याही तक्त्यात होता.
मोरीतला ओंडका होता तिथेच.

जुलैच्या थंडीत एका गुरुवारी फोन वाजला.
ब्रिजिड ओडी, इस्पितळ, डायलिसिस विभाग.
म्हणाली, माझी एकतिसावी ओळ आहे : वीज गेल्यास.
वीज कशाने जाईल, म्हणून वीजमंडळाच्या टेव्हिताला विचारलं.
तो म्हणाला, उपकेंद्राच्या तळघरात पाणी शिरलं तर.
कुठून शिरेल ते त्याला ठाऊक नाही.
तुम्हाला आहे का?

मी पडद्यावर सत्तेचाळीसवर बोट ठेवलं.
ते उचलेना.

'शक्यता कमी' वाचून पुढे सरकायचे
तेव्हा मला त्या अकरा खाटा माहीत नव्हत्या,
खिडकीपाशी यंत्राच्या घरघरीत
डुलकी घेणारे मिस्टर पापाडिया माहीत नव्हते.

शनिवारी मोरीपाशी जमलो. विषयपत्रिका नाही, गमबूट.
रेल्वेची योलांडा प्राइस उशिरा आली, अर्धं सँडविच हातात.
टेव्हिताने गुडघे टेकून आत टॉर्च मारला :
निलगिरीचा बुंधा, बाजाराची ढकलगाडी,
कुणाची तरी सायकल.
चार खाती एका भोकात डोकावत होती.

मी म्हटलं, पाणी दीड मीटर चढलं की कळवते.
टेव्हिता म्हणाला, दीड मीटर म्हणजे मला वेळ किती?
मला माहीत नव्हतं.
ब्रिजिड म्हणाली, वेळ म्हणजे माझी किती माणसं?
तेही कुणाला माहीत नव्हतं.
माझे मीटर, त्याची मिनिटं, तिची माणसं.
इतकी वर्षं आपापल्या मापाने
तेच पाणी मोजत होतो.

जुन्या पुरांच्या नोंदी काढल्या, रविवार मोडला.
उत्तर चाळीस मिनिटं.
ब्रिजिडला लागतात पन्नास.

मग योलांडाने रेल्वेच्याच डब्यातल्या रंगाने
एक-वीसवर पांढरा पट्टा ओढला,
बुंधा ओढायला ट्रॅक्टर आणला,
आणि परवानगी नंतर मागितली.

सोमवारी मालकाच्या रकान्यात मी चार नावं लिहिली.
तक्ता म्हणाला, एकच चालेल.
रेघ तशीच राहिली. चार नंबर
कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले.

ऑगस्टात रात्री दोनला पाणी पट्ट्याला लागलं.
तीन फोन केले. तिन्ही उचलले गेले, डोळे चोळत.
पाणी मोरीतून गेलं, गढूळ, घाईत, निमूट.
पहाटेची मालगाडी वेळेवर.
दिवे लुकलुकलेही नाहीत.
वर्तमानपत्रात फुटबॉल.

तिमाही अहवालावर वरून शेरा आला :
काहीही घडलेले नाही, सबब रंग हिरवा करावा.
मी पिवळाच ठेवला आहे.

डिसेंबरात योलांडा निवृत्त होतेय.
तिच्या जागी कोण, कुठला नंबर, रेल्वेला विचारलं.
काल उत्तर आलं.
नोंद घेतली आहे.